ऑर्डरी वाढल्या, गल्ला का नाही?

या वेळच्या पत्रांत तक्रारींचे रंग वेगवेगळे आहेत, पण दुखणं एकच: चार वस्तू करताना जे अंदाजाने भागत होतं, ते चाळीस करताना भागेनासं झालं आहे.

प्रश्न : मी क्रोशाची खेळणी विणते. सामानाच्या खर्चाच्या तिप्पट किंमत लावावी, असं सगळे सांगतात, तशीच लावते. ऑर्डरी दुप्पट झाल्या, रात्री जागून विणते, पण महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. कुठे चुकतं?

तिपटीच्या नियमातच चुकतं. सामान महाग आणि हातकाम थोडं, अशा वस्तूंना तो कसाबसा चालतो. क्रोशात उलट आहे: लोकर स्वस्त, वेळ अफाट. पुढचं खेळणं करताना घड्याळ लावून बसा. विणायला किती, कापूस भरायला किती, हातपाय शिवायला, डोळे काढायला, दोरे लपवायला आणि पॅकिंगला किती, हे वेगवेगळं लिहा. शिवणकाम आणि दोरे लपवण्याचा वेळ बहुतेकींनी कधी धरलेलाच नसतो.

आता हिशेब. चलन कुठलंही धरा. तासाची मजुरी १०० मानू. एका खेळण्याला ३ तास ४० मिनिटं लागली, तर मजुरी ३६७. लोकर, कापूस, डबी, लेबल मिळून ६०. वीज, सुया, फोन, फुकट गेलेले नमुने असा महिन्याचा वरखर्च १२०० आणि त्या महिन्यात प्रत्यक्ष विणण्याचे तास ६०, म्हणजे तासाला २०. या खेळण्याच्या वाट्याला ७३. बेरीज ५००. तिपटीच्या नियमाने तुम्ही ते १८० ला विकत होता. म्हणजे प्रत्येक नवी ऑर्डर तोटाच वाढवत होती.

५०० वर धंद्याचा नफा २० टक्के धरला की ६०० होतात. हा तुमचा घाऊक दर. दुकानदार साधारण निम्मा भाग स्वतःकडे ठेवतो, म्हणून किरकोळ दर १२००. ‘मी तर थेट विकते, मग ६०० ला का नको?’ असं वाटेल. पण थेट विक्रीत फोटो, मेसेजना उत्तरं, प्रदर्शनात उभं राहणं हे दुकानदाराचं काम तुम्हीच करता. त्याचे तासही लागतातच. शिवाय आज ६०० ला विकलंत, तर उद्या दुकानात माल ठेवायची वाटच बंद.

१२०० कुणी देणार नाही असं वाटत असेल, तर किंमत नव्हे, डिझाइन कापा. पाय वेगळे विणून शिवण्याऐवजी दोन्ही पाय जोडून तिथूनच धड वर न्या. रंग पाचाचे तीन करा. प्रत्येक रंगबदलामागे दोन टोकं लपवावी लागतात. दहा डोकी एकदम, मग दहा धडं, असं काम लावा. मग प्रत्येक वस्तूसाठी एक आकडा काढा: विक्रीकिमतीतून सामान आणि कमिशन वजा करा, उरलेल्याला तासांनी भागा. यादीत सगळ्यात खाली येणाऱ्या दोन वस्तू बंद करा, मग त्या कितीही लाडक्या असोत. (तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना प्लॅस्टिकचे डोळे लावूच नका, दोऱ्याने भरा. इथे वेळ वाचवायचा नसतो.)

याच पत्रातला पुढचा प्रश्न : दोघी मैत्रिणींना काम वाटून दिलं, तर एकीचं अस्वल गुबगुबीत आणि दुसरीचं लांबट झालं. सुई आणि लोकर तीच होती.

सुई तीच असली तरी हात तो नाही. कुणी दोरा घट्ट धरतं, कुणी सैल. पूर्ण अस्वल होईपर्यंत थांबू नका. डोक्याच्या पहिल्या सहा फेऱ्या (६, १२, १८, २४, ३०, ३६ टाके) झाल्या की चकतीचा व्यास मोजायला सांगा. तुमची ६ सेंटिमीटर आणि त्यांची ६.६ भरली, तर त्यांनी अर्धा मिलिमीटर बारीक सुई घ्यावी. सैल विणीतून कापूसही डोकावतो, तोही त्याने थांबेल. कापूस मुठीने नको, वजन करून द्या. लोकर घेताना वेष्टनावरचा रंगाचा लॉट क्रमांक पाहून पूर्ण ऑर्डरीची एकदम घ्या. त्याच रंगाचा दुसरा लॉट उजेडात वेगळा दिसतो. मजुरी नगावर ठरवायची असेल, तर आधी प्रत्येकीकडून तीन नग तासाच्या दराने करून घ्या आणि त्यांच्या वेगावर नगाचा दर बसवा. तुमच्या वेगावर बसवलात, तर महिन्याभरात त्या काम सोडतील आणि ते बरोबरच असेल.

प्रश्न : सोया मेणाच्या मेणबत्त्या एक किलोच्या घाण्यात सुंदर होतात. मोठ्या ऑर्डरीसाठी सहा किलो एकदम केलं, तर काहींत वातीपाशी खड्डे, काही काचेपासून सुटलेल्या, काहींना वासच नाही.

सहा किलो मेण २०० ग्रॅमच्या तीस बरण्यांत ओतेपर्यंत बराच वेळ जातो. पहिली बरणी गरम मेणाची आणि तिसावी कोमट मेणाची, म्हणजे तुम्ही नकळत तीस वेगवेगळे प्रयोग केलेत. फार गरम ओतलं की वरचा थर आधी गोठतो, आतलं मेण नंतर आकसतं आणि वातीपाशी पोकळी पडते. फार गार ओतलं की पृष्ठभाग दाणेदार होतो, काचेवर आडव्या रेघा उमटतात. बरण्या गार फरशीवर किंवा पंख्याखाली असतील, तर मेण झपाट्याने आकसून काच सोडतं.

वासाचं कारण ढवळण्यात आहे. सुगंधी तेल मेणाच्या वजनाच्या ८ टक्के धरलं, तर एक किलोला ८० ग्रॅम आणि सहा किलोला ४८० ग्रॅम. ते मापाने नव्हे, काट्यावर मोजा, आणि मेण व तेल बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. जास्तीचं तेल मेणात राहत नाही, घाम फुटल्यासारखं वर येतं. मेण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला असताना तेल घाला आणि पूर्ण दोन मिनिटं, तळ खरवडत, सावकाश ढवळा. मोठ्या भांड्यात लहान चमचा फिरवला की तेल तळाशी बसतं.

उपाय साधा: सहा किलो एकदम करूच नका. दोन किलोचे तीन घाणे करा, प्रत्येकी दहा बरण्या. दर घाण्याला तेल घातलं तेव्हाचं आणि ओतलं तेव्हाचं तापमान वहीत लिहा. ओतायला ६० अंशांपासून सुरुवात करून पाच-पाच अंशांनी वरखाली करून पाहा. तुमच्या मेणाचा आकडा त्यातून सापडेल. दोन बरण्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा. पडलेले खड्डे हीट गनने (गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने) वरचा थर वितळवून भरता येतात. पृष्ठभागावरची पांढुरकी झाक मात्र सोया मेणाचा स्वभाव आहे, तिच्यामागे लागू नका.

झाकण लावून दोन आठवडे मुरू द्या, मगच वासाचा निकाल लावा. त्यानंतर एक पेटवून बघा. बरणीच्या व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण एक तास धरा. साडेसात सेंटिमीटरच्या बरणीत तीन तासांत वितळलेलं मेण काचेपर्यंत पोचायला हवं. मध्ये विहीर झाली तर वात बारीक, काजळी धरली तर जाड. सुगंध बदलला की ही चाचणी पुन्हा, कारण तेलागणिक जळणं बदलतं. मेण थेट आचेवर वितळवू नका. पेटलंच तर झाकण घालून विझवा. पाणी कधीही नाही.

प्रश्न : मातीचे मग कुरिअरने पाठवते. बबल रॅपचे तीन थर देऊनही कान तुटतो.

थर वाढवून उपयोग नाही, कारण कान आणि मग यांच्यामधली जागा पोकळ राहते आणि धक्का कानावरच येतो. ती पोकळी आधी चुरगाळलेल्या कागदाने भरा, मगच्या आतही कागद कोंबा, मग सगळ्याला रॅप गुंडाळा. खोक्यात सहाही बाजूंनी ५ सेंटिमीटर भराव हवा. हलवून पाहा, आत काही सरकलं तर भराव कमी आहे. एक डागी मग असाच बांधून कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर टाकून बघा. तो वाचला तर बाकीचे पाठवा. पण खोकं गरजेपेक्षा मोठं घेऊ नका. अनेक कुरिअर लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) भागिले ५००० असं आकाराचं वजन काढतात आणि जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. ३० × ३० × २५ चं खोकं आत सव्वा किलो माल असला तरी साडेचार किलोचं ठरतं.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, माल ठेवून जा, विकला की पैसे देतो. ठेवू का?

थोडाच ठेवा आणि कागदावर. नगांची यादी, त्याचा टक्का, पैसे देण्याची तारीख, फुटलं किंवा चोरीला गेलं तर कोण भरणार, आणि न विकलेला माल किती दिवसांनी परत, हे सगळं लिहून दोघांच्या सह्या घ्या. माल आणि जोखीम दोन्ही तुमची असताना तो विकत घेणाऱ्या दुकानाइतकाच निम्मा वाटा मागत असेल, तर घासाघीस करा. तीन महिन्यांत निम्माही खपला नाही, तर उचलून आणा. फडताळात उन्हाने रंग उडालेला नग पुन्हा नव्या भावाने जात नाही.