काळ्या सुया शिलारसातल्या की पाण्यातल्या?

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या तळघरात ड्यूक ऑफ वेलिंग्टनची दगडी शवपेटी पाहिली. त्याच जातीच्या, कॉर्नवॉलमधल्या लक्सुल्यान गावच्या दगडाचा पॉलिश केलेला तुकडा नंतर एका दुकानात मिळाला. गुलाबी खड्यांच्या आजूबाजूला काळ्या सुयांचे झुबके आहेत. दुकानदार म्हणाला टुर्मलीन. ग्रॅनाइट तर शिलारस थिजून होतो, मग या सुयाही त्यातच वाढल्या का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दुकानदाराचं बरोबर आहे, टुर्मलीन हे बोरॉन असलेलं खनिज. पण तुमच्या तुकड्यात बहुधा दोन पिढ्यांचं टुर्मलीन नांदतंय.

टुर्मलीनला बोरॉन लागतं आणि बोरॉनला फेल्डस्पार, क्वार्ट्झ (म्हणजे गारगोटी) ही ग्रॅनाइटमधली मुख्य खनिजं फारसं घरात घेत नाहीत. शिलारस थिजत जातो तसं ते उरल्यासुरल्या रसात साठतं आणि शेवटी त्यातून सुटणाऱ्या गरम, खारट पाण्यात उतरतं. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी तुमचा दगड ज्यातला आहे त्या सेंट ऑस्टेलच्या ग्रॅनाइटमध्ये असं पाणी भेगाभेगांतून शिरलं. फेल्डस्पार पोखरून त्याने अ‍ॅल्युमिनियम आणि सोडियम घेतलं, काळ्या अभ्रकाकडून लोह. बोरॉन त्याचं स्वतःचं होतंच, आणि या सगळ्यातून टुर्मलीन वाढलं. पोटॅशियम टुर्मलीनला फारसं चालत नाही, ते वाहून गेलं. तुमचे गुलाबी खडे म्हणजे या पोखरण्यातून वाचलेला फेल्डस्पार.

या दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखा असतो. टुर्मलीनचे जाडसर तपकिरी दाणे सहसा शिलारसातले. त्यांच्या कडेवर फुटलेल्या, कापात निळसर-हिरव्या दिसणाऱ्या सुया पाण्यातल्या. एकाच सुईत रंगाचे पट्टे दिसतात, कारण पाण्यातलं लोह-मॅग्नेशियमचं प्रमाण बदलत राहिलं. अर्थात नुसत्या रंगावर पैज लावू नये. रासायनिक पृथक्करण करावंच लागतं, आणि गंमत म्हणजे त्यासाठीच्या नेहमीच्या मायक्रोप्रोबलाही (इलेक्ट्रॉनचा झोत टाकून घटक मोजणारं यंत्र) बोरॉन धड मोजता येत नाही. टुर्मलीनच्या रासायनिक सूत्रात बोरॉनचे ३ अणू गृहीत धरून आम्ही बाकीचा हिशेब जुळवतो.

बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मी टुर्मलीनला काळं अभ्रक म्हणालो होतो. परीक्षकांनी न बोलता सूक्ष्मदर्शकाची तबकडी फिरवली. त्यातला प्रकाश एकाच, आडव्या दिशेने कंप पावणारा असतो, त्यामुळे खनिज फिरवलं की त्याचा रंग बदलतो. अभ्रक आडवं असताना गडद होतं. ही सुई उभी होताच काळी पडली! मार्क गेले, पण खूण पक्की झाली.

तुम्ही घरी टाचणीने टोकरून पाहा. अभ्रकाचा पापुद्रा सुटतो, टुर्मलीनवर ओरखडाही उठत नाही. तुकड्याच्या मागच्या, पॉलिश नसलेल्या बाजूने करा म्हणजे झालं.