भूरूपशास्त्राच्या पहिल्या वर्षात पाऊल ठेवताना

भूरूपे आणि जलप्रक्रिया हा विषय तुम्ही पदवीसाठी निवडला आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पहिल्या सत्रात व्याख्या पाठ करण्यापेक्षा भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा मिळवा आणि समोच्च रेषांवरून खारघरच्या टेकड्यांतील एखाद्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र स्वतःच्या हाताने आखा. संगणकीय प्रणाली नंतर शिकता येईल, पण उताराची जाण हातानेच येते. उगमाजवळचे, उपनद्या नसलेले प्रवाह पहिल्या श्रेणीचे (क्रमांकाचे) मानतात; समान श्रेणीचे दोन प्रवाह मिळाले तरच पुढची श्रेणी सुरू होते, हा नियमही तेव्हाच पक्का होतो.

नवी मुंबईत राहणाऱ्याला तर प्रयोगशाळा दारातच आहे. येथील धारण तलाव अवश्य पाहा: भरतीच्या वेळी खाडीकडील झडपा बंद होतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की ते खाडीत उतरते. त्यामुळे मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल भागात पाणी का तुंबते, हे सूत्राआधी डोळ्यांना कळते.

ओढ्याचा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहून जाणारे पाणी, हा प्रवाहाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ गुणिले सरासरी वेग इतका असतो. तरंगत्या वस्तूने मोजलेला पृष्ठवेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून त्याला साधारण ०.८५ने गुणावे, ही दुरुस्ती विद्यार्थी हमखास विसरतात. गणिताला घाबरू नका, मात्र पावसाळ्यात वाहत्या ओढ्यात एकट्याने कधीही उतरू नका, आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ व भरतीची स्थिती लिहा.