नवऱ्याला मारू नकोस

दांडिया बाजार, वडोदरा

चि. लेखिकेस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचा कच्चा खर्डा वाचून झाला. काळ १९४२ ते ४६, गाव बडोदं, आणि एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या दोघी: एक शाळामास्तरीण, दुसरी लढाईवर गेलेल्या कारकुनाची बायको. विषय निवडताना तू कचरली नाहीस, त्याची शाबासकी आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल.

तुझ्या नायिका फार लपतात. कमाटीबागेत झाडाआड, सुरसागरच्या काठी काळोखात, एकदा तर विश्वामित्रीत पाय सोडून. (त्या नदीत मगरी आहेत. बडोद्याची कुठलीही मुलगी तिथे पाय सोडून बसायची नाही, कितीही प्रेमात असली तरी.) ही दृश्यं तू मुलगा-मुलगीच्या प्रेमकथेतून उचललीस आणि मुलाच्या जागी मुलगी बसवलीस. त्या काळी मुलामुलीला लपावं लागे हे खरं. दोन बायकांना कशाला लागेल? त्या हातात हात घालून मांडवीतून गेल्या असत्या, एका ताटात जेवल्या असत्या, उन्हाळ्यात गच्चीवर एका गादीवर झोपल्या असत्या, आणि सासूबाई शेजारणीला म्हणाल्या असत्या, "बरं झालं बाई, हिला सोबत मिळाली."

त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नाही ही त्यांची सोय, आणि अडचणही तीच. जे कोणाला दिसतच नाही त्याला कोणी किंमत देत नाही. नणंदेचं बाळंतपण आलं की "चार महिने जाऊन ये" म्हणून एकीला अमरावतीला धाडतील, आणि मागे दुसरीचं काय होतं हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही येणार नाही. पकडलं जाण्याच्या भीतीवर तू पानंच्या पानं खर्ची घातली आहेस. त्याऐवजी ही भीती लिही: कोणाचाही वाईट हेतू नसताना, अगदी मायेनं, घरातली माणसं आपल्याला वेगळं करतील. तशी वेळ आली तर तक्रार करायलाही तोंड नाही, कारण तक्रार कसली करायची? पोलिसांचं प्रकरण तेवढं गाळून टाक. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम २०१८च्या निकालामुळे तुझ्या डोक्यात घर करून बसलंय; दांडिया बाजारातल्या १९४२ सालच्या सासूच्या ते गावीही नव्हतं.

आता लढाई. तुझ्या खर्ड्यात ती पडद्यावरच्या देखाव्यासारखी मागे टांगली आहे. तोफा, धूर, रेडिओवरची बातमी. लढाईनं तुझ्या नायिकांना काय दिलं ते आधी ठरव. माझ्या मते तिनं त्यांना निमित्त दिलं. नवरा दूर आहे, घरात तरणी बाई एकटी आहे, तर रात्री कोणीतरी सोबतीला झोपायला हवं. ही आपल्याकडची जुनी रीत. आणि सोबतीला कोण? चाळिशीला टेकलेली, अब्रूदार, नोकरी करणारी विधवा मास्तरीण. याहून सोज्वळ सोबत सासूला कुठे मिळणार? तीच हातानं अंथरूण घालून देईल. ते अंथरूण घालण्याचं दृश्य तू लिहिलंच नाहीस, आणि माझ्या मते कादंबरीतलं ते सगळ्यात मोठं दृश्य आहे.

मास्तरीण बालविधवा आहे हे तू एका ओळीत सांगून पुढे पळालीस. थांब तिथे. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींनाही. मुली शाळेत यायच्या तर शिकवायला बायका हव्यात. त्यासाठी फीमेल ट्रेनिंग कॉलेज होतंच. घरात अडगळीत पडलेल्या विधवांना शिकून पगार घेण्याचा एक मार्ग तिथून निघाला. म्हणजे तुझी नायिका कोणी एकटी बंडखोर नाही. एका राज्याच्या धोरणातून तयार झालेली, दर महिन्याला सही करून पगार उचलणारी बाई आहे ती. तिच्या हातात पैसा आहे, म्हणून ती स्वतःची खोली घेऊ शकते, आणि खोली आहे म्हणून तिच्या प्रेमाला पुढे काही भवितव्य आहे. प्रेमकथेत पैशाचा हिशेब आणायला लोक लाजतात. तू लाजू नकोस.

मला तुझी मास्तरीण आवडली. कारकुनाची बायको अजून नाही आवडली. ती नुसती वाट बघते आणि सुंदर दिसते. तिला काम दे. चिमणाबाई स्त्री उद्योगालय १९१४ पासून गावात होतं, शिवणकाम-भरतकाम शिकायला तिथे पाठव. किंवा तिला धीट करायची असेल तर १९४२ साली निघालेल्या विमेन्स ऑग्झिलिअरी कोअरमध्ये, म्हणजे बायकांच्या लष्करी मदतदलात घाल. खाकी साडी, टेलिफोन, टायपिंग, सांकेतिक तारा. त्यातल्या काही जणींना राहत्या गावी काम करता येई, काहींना हिंदुस्थानात नेतील तिथे जावं लागे. फक्त मग सासूचं तोंड आणि खाकी साडी यांचा सामना लिहावा लागेल, आणि तो तुला जमेलसं मला अजून वाटत नाही. उद्योगालयच बरं.

लढाई बडोद्यात आली ती स्वयंपाकघरातून. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचं रॉकेल आणि तांदूळ बंद झाले. दिवा कमी वेळ जळू लागला. तुझ्या दोघींना काळोख हवा होता ना? तो हा. चांदी कमी झाली, १९४० मध्येच एक रुपयाची नोट आली, सुट्ट्या नाण्यांची टंचाई झाली आणि १९४३ पासून मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा चालू लागला. तो पैसा दोऱ्यात ओवता येतो. याचं काय करायचं ते मी सांगत नाही, तू प्रेमकथा लिहिते आहेस. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानचं सरकारी घड्याळ एक तास पुढे होतं. घरातले म्हातारे असल्या वेळेला जुमानत नसतात. दोन वेळांच्या मधला तो तास कोणाचा, हे एका दृश्यात येऊ दे. आणि विनोदाला जागा हवी असेल तर इंग्लंडच्या आभाळात स्पिटफायर उडवणारी १२४ नंबरची स्क्वॉड्रन आहे. तिच्या नावात 'बडोदा' होतं, कारण पैसा इथला होता. तुझा सासरा ते चारचौघांत अभिमानानं सांगेल आणि घरी येऊन रॉकेलवरून भांडेल.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत तू जाऊन आलीस म्हणतेस, पण खर्ड्यात नुसती 'पुस्तकांची भव्य दालनं' आहेत. अगं, त्या पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरश्या आहेत! खाली उजेड पोचावा म्हणून. वरच्या मजल्यावर कोणी चाललं की खालच्या माणसाला पावलांची सावली डोक्यावर दिसते. कपाटांत काम करणारी एखादी ओळखीची मदतनीस निर्माण कर, मास्तरणीला एकदा आत ने, आणि तिला वर मान करून बघू दे. यापुढे तुझी चंद्रप्रकाशाची दोन पानं आपोआप गळतील.

आता मुख्य मुद्दा. तिसऱ्या प्रकरणात तार येते आणि नवरा मरतो. मारू नकोस गं त्याला. तुला वाट मोकळी हवी म्हणून तू त्याला मारलंस, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. त्याला बेपत्ता कर. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं, हजारो हिंदी शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे कारकून, स्वयंपाकी, ड्रायव्हर जपान्यांचे कैदी झाले, आणि कितीतरी घरांना महिनोन्‌महिने नीट बातमी नव्हती. बेपत्ता माणसाची बायको धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही यावरून वाड्यात कुजबुज होईल. तिच्या कपाळावरचं कुंकू अशा माणसाच्या नावाचं, जो आहे की नाही हे कोणाला माहीत नाही. आणि तिच्या शेजारी झोपणारीला बारा वर्षांची असल्यापासून कुंकू लावायची बंदी. आरशासमोर या दोघींना एकदा उभं कर. संवाद नको.

आणि मग त्याला परत आण. सिंगापूरच्या कैद्यांतले पुष्कळ जण आझाद हिंद सेनेत गेले. ५ नोव्हेंबर १९४५ला लाल किल्ल्यात त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला आणि देश पेटला. जे परत आले त्यांच्या गळ्यात हार पडले. तुझा कारकून असा परत येऊ दे: हडकलेला, तापानं पोखरलेला, आणि गावाचा लाडका. तो सज्जन असावा. बायकोला मारणारा दारुडा नवरा असला की वाचक तिला लगेच माफ करतो, लेखिकेला काही कष्टच पडत नाहीत. इथे तसं नाही. स्टेशनवर जयजयकार चालला आहे, सासू रडते आहे, मास्तरीण आपली वळकटी गुंडाळून स्वतःच्या खोलीवर निघाली आहे, कारण आता सोबतीची गरज संपली. सगळ्यांना आनंद झालाय. लढाई संपणं हे तुझ्या कादंबरीतलं संकट आहे, आणि तू तिथेच 'समाप्त' लिहून मोकळी झालीस.

इथून पुढे बडोदं तुला असं काही देतं जे पुणं किंवा मुंबई देणार नाही. या संस्थानात १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई इलाख्याला तो मिळायला १९४७ उजाडलं, साऱ्या देशाला १९५५. म्हणजे १९४६ साली तुझी नायिका न्यायमंदिराच्या पायऱ्या चढू शकते, आणि तिची पुण्याची बहीण नाही. मूळ कायदा काढून वाच. घटस्फोटाची कारणं कलमवार दिलेली आहेत, आणि 'माझा जीव दुसरीवर आहे' हे अर्थात त्यांत नाही. दिव्याखाली बसून त्या दोघी एकेका कलमात स्वतःला शोधताहेत, कुठलंच नीट बसत नाही, हे मला वाचायचंय. कायदा पुढारलेला आहे, पण त्याला या दोघी दिसत नाहीत. सासूलाही दिसल्या नव्हत्या.

शिवाय गावात प्रेम-लग्न-कायदा याच गप्पा चालल्या असणार. १९४३ मध्ये खुद्द प्रतापसिंहराव महाराजांनी पीठापुरमच्या सीतादेवींशी दुसरं लग्न केलं, राज्यात एक बायको असताना दुसरी करायला कायद्यानं बंदी असूनही. वाड्यावाड्यांत बायका भाजी निवडताना दुसरं काय बोलणार? तुझ्या दोघी त्या घोळक्यात बसलेल्या हव्यात, तोंडं अगदी साळसूद ठेवून.

शेवट गोड कर. प्रेमकथेचा वाचक त्यासाठीच येतो, आणि आपल्याकडे अशा नायिकेला शेवटी मारायची किंवा वेडी करायची फार खोड आहे. गोड म्हणजे किती? गावातल्या वाडी भागात दोन खोल्या, एकीचा पगार, दुसरीचं शिवणयंत्र. १ मे १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन होईल, १९६० साली गुजरात होईल, मराठी शाळा हळूहळू रोडावतील, आणि या दोघी तिथेच. आपल्या जुन्या वस्त्यांत अशा एकत्र राहणाऱ्या दोन बाया लोकांना आठवतात, बहुतेक शिक्षिका, दोघींचं नाव एका दमात घेतलं जाई. त्या सगळ्या तशाच होत्या असं मी म्हणत नाही. पण काही असतील, आणि त्यांच्यासाठी तू लिहिते आहेस.

शृंगाराबद्दल तू भीत भीत विचारलं आहेस. लिही. तीन टिंबं देऊन दिवा विझवू नकोस. फक्त त्या काळची वस्त्रं, त्यांच्या गाठी, नऊवारी सोडायला लागणारा वेळ, हे नीट ठाऊक करून घे. घाई दिसली की खोटं वाटतं. भाषेत गुजराती येऊ दे, बडोद्याचं मराठी शुद्ध ठेवायच्या भानगडीत पडू नकोस. ऑगस्ट ४२चं 'चले जाव' पूर्ण टाळू नकोस, १८ तारखेला अडास स्टेशनजवळ पोलिसांच्या गोळीबारात बडोद्याचे विद्यार्थी गेले. मास्तरणीच्या शाळेत त्यांतल्या कोणाची तरी बहीण असणारच. पण ते एका पानात यावं, तुझी कथा ती नाही.

वाचायला सेनापतींची चरित्रं आणू नकोस. संस्थानची आज्ञापत्रिका (म्हणजे सरकारी गॅझेट), वार्षिक कारभाराचे अहवाल, त्या वर्षांच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती आणि भाव बघ. नव्वदी पार केलेल्या बायका अजून भेटतात. त्यांच्याकडे जाताना हातात टिपणवही नको, घरी येऊन लिही. आणि त्यांना प्रेमाबद्दल विचारू नकोस, विषय तिथेच बंद होईल. घरातले पुरुष गावाला गेले की सोबतीला झोपायला कोण येई, तेवढं विचार.

तुझी,
मावशी