हेड उतरवायच्या आधी रेडिएटरची जाळी बघा

प्रश्न: रामराम मामा. माझी दहाचाकी गाडी आहे, टर्बोवाली, बीएस-फोर. हंगाम लागल्यापासून ऊस ओढतेय. माजलगावकडून माल भरून तेलगावमार्गे धारूरचा घाट चढतो. सपाटीला पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध असतो. घाटात पाऊण भागावर जातो, पण लाल पट्ट्याला लागत नाही. वर आलो की चहासाठी गाडी बंद करतो आणि पाच-सात मिनिटांत रेडिएटरच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणातून पाणी उकळून खाली सांडतं. दर खेपेला दोन-तीन लिटर बोअरचं पाणी घालतो. ऑइल स्वच्छ आहे, पांढरा धूर नाही. इकडचे मिस्त्री म्हणतात हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, हेड उतरवावं लागेल. ऐन हंगामात गाडी उभी राहिली तर ऊसतोड टोळीला दिलेली उचल आणि गाडीचा हप्ता, दोन्ही अंगावर येतील. काय करू?
(एक ट्रकमालक, केज तालुका)

उत्तर: रामराम भाऊ. हेड आज उतरवू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत गॅस्केट गेल्याची एकही पक्की खूण नाही.

गाडी बंद केल्यावरच का उकळतं, ते आधी बघा. भरल्या मालानं घाट चढून आलेल्या इंजिनाचं हेड आणि टर्बो भयंकर तापलेले असतात. चावी फिरवली की वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, थांबते, पंखा थांबतो. लोखंडातली उष्णता मात्र थांबत नाही. हेडमधलं पाणी जागच्या जागी त्या धगीवर बसतं आणि उकळतं. म्हणून वर आल्यावर गाडी बाजूला घ्या आणि चार-पाच मिनिटं रेसवर पाय न देता चालू ठेवा. काटा मधोमध आला की बंद करा. तेवढ्या वेळात टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइलही जळून कोळसा होण्यापासून वाचतं. डिझेल जातं ते थोडंसंच.

पण धडधाकट गाडी एवढी सांडत नाही. तुमच्या गाडीची थंड होण्याची ताकद कुठंतरी कमी झालीय, आणि उसाच्या गाडीत माझा पहिला संशय रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या, जाळीवर असतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, तिथंच सगळे फसतात. पुढं इंटरकूलर आहे, म्हणजे टर्बोतून येणारी हवा गार करणारी जाळी, त्याच्या मागं रेडिएटर. पाचटाची कुसळं आणि फडातला फुफाटा इंटरकूलरच्या फटींतून आत शिरतो आणि दोन्हींच्या मधल्या बोटभर जागेत अडकतो. त्यावर ऑइलचा ओलावा बसला की त्याचं गोणपाट होतं. मागच्या हंगामात एका गाडीचे बोल्ट काढून इंटरकूलर पुढं ओढला, तर रेडिएटरच्या खालच्या अर्ध्या भागावर राखाडी थर होता. बोटानं कोपरा धरून ओढला, तर अख्खी पट्टी घोंगडीसारखी सोलून हातात आली. तिच्यातून वारा जाणार कसा?

तुम्हीही मधली जागा मोकळी करा. पाणी किंवा हवा इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मारा, समोरून मारलं तर घाण आणखी आत ठासते. प्रेशर कमी ठेवा, नाहीतर जाळीच्या पातळ पाकळ्या वाकतात. कारखान्यावर वजनकाट्याच्या रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागतं, तेव्हा गाडी गार झाली की मऊ ब्रशनं समोरची बाजू रोज झाडा. मधली जागा पंधरा दिवसांतून एकदा बघा.

आता बोअरच्या पाण्याचं. हे मी कळकळीनं लिहितोय, कारण याची किंमत माझ्या हातून एका माणसाला मोजावी लागली. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आमच्या भागात टँकर रात्रंदिवस चालू होते. एक टँकर माझ्याकडे आला, चढाला गरम होतो म्हणून. मी गॅस्केट म्हणालो आणि हेड उतरवलं. गॅस्केट नव्यासारखं होतं. नंतर रेडिएटर उतरवून नळ्यांत बघितलं, तर बंबाच्या तळाला बसतो तसा पांढरा थर, निम्म्या नळ्या बंद. लोकांना पाणी पोचवणारी ती गाडी माझ्या घाईपायी पाच दिवस उभी राहिली. तेव्हापासून जाळी आणि पाणी बघितल्याशिवाय मी हेडला पाना लावत नाही.

आपल्या बोअरच्या जड पाण्यात क्षार असतात. ते तापलं की क्षार नळ्यांत आणि लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याच्या, बाहेरून बसतात. शिवाय रोज पाणी घालून तुमच्या गाडीत कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं औषधी द्रव) आता नावालाच उरलं असणार. कुलंट थंडीसाठी असतं, आपल्याकडे बर्फ कुठं पडतो, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचं ऐकू नका. समुद्रापासून पाचशे-सहाशे मीटर उंचीवर साधं पाणी उघड्यावर साधारण ९८ अंशाला उकळतं. निम्मं कुलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी १०५च्या पुढं टिकतं, आणि चांगल्या झाकणाचा दाब असला तर १२०च्याही वर. शिवाय कुलंटमधली औषधं लायनरला बारीक भोकं पडू देत नाहीत. सगळं जुनं पाणी काढा, सिस्टीम धुवा, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच कुलंट भरा. रेडिएटर अॅल्युमिनियमचा असेल तर कॉस्टिक किंवा अॅसिड घालून साफ करू देऊ नका, धातूच खाऊन जाईल.

झाकण नवीन बसवा, दाबाचा आकडा जुन्यावर आहे तोच. रबर कडक झालं की झाकण दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. तुमचा निम्मा आजार तिथंही असू शकतो. पंख्याचा क्लच (पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग) बघायला गरम गाडी बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि पंखा हातानं फिरवा. जड फिरला पाहिजे. भिरभिर फिरत राहिला तर क्लच गेला.

आणि घाटात गिअर. डिझेल वाचवायला वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवत चढू नका. वॉटर बॉडी आणि पंखा इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतात. एक गिअर खाली घेतला की दोन्ही जोरात फिरतात. काटा लाल पट्ट्याला लागलाच तर सुरक्षित जागी थांबून गाडी न्यूट्रलमध्ये थोड्या रेसवर चालू ठेवा. पंख्याचा बेल्ट तुटला असेल किंवा पाणीच संपलं असेल तर मात्र लगेच बंद करा. गरम झाकण उघडू नका, तापल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. हेडला तडा जातो.

एवढं करूनही सांडलं, तर गॅस्केट तपासा. सकाळी थंड गाडीचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा, गाडी चालू करून रेस द्या. बुडबुडे सतत येत राहिले, किंवा झाकण लावून चालू केल्यावर पाणी थंड असतानाच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक झाला, तर हेड उतरवा. मग मीही अडवणार नाही.

प्रश्न: ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावतो. गरम होतो म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला. चालेल का?
(एक शेतकरी, गेवराई)

उत्तर: नाही चालणार. सकाळी इंजिन बराच वेळ गार राहतं आणि लायनर-रिंग झिजतात. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी, वाट बंद करतो. तो काढला की ती वाट उघडी राहते आणि गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं, म्हणजे ओढीला आणखी तापतं. जुना थर्मोस्टॅट दोऱ्यानं बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पाणी तापवा. तळाला टेकू देऊ नका. साधारण ८० ते ८५ अंशाला तो उघडायला लागतो, नेमका आकडा त्याच्यावर कोरलेला असतो. पाणी उकळेपर्यंत नीट उघडला नाही तर नवीन आणा. उघडला तर तोच परत बसवा आणि वरच्या उत्तरातल्यासारखी जाळी उघडून बघा.