विंध्याचा सह्याद्री करू नकोस

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

आपल्या इंदूरजवळच्या जानापाव डोंगराचे तुझे फोटो आले. फोनवर न बघता लॅपटॉपवर मोठे करून बघितले. परवा तू म्हणालीस, "काका, आपल्याकडे डोंगरच कुठेत? पुण्याच्या मुलांना सगळं आयतं मिळतं." तुझ्या फोटोंचं दुखणं या वाक्यातच आहे. तू उभी होतीस जानापावला आणि डोक्यात होता हरिश्चंद्रगड. म्हणून प्रत्येक फोटोत कुठलं तरी टोक शोधलं आहेस, वाइड लेन्स लावून, कॅमेरा जमिनीलगत धरून. टोक सापडलं नाही म्हणून मग आकाश गडद निळं केलंस. ते निळं आकाश आधी काढून टाक.

दगड म्हणशील तर दोन्हीकडे एकच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसले आणि मग झिजत गेले. म्हणून सह्याद्रीतही माथे सपाट आणि आपल्याकडेही सपाट. फरक आहे तो तोंड कुठल्या दिशेला आहे याचा. सह्याद्रीची भिंत पश्चिमेला तोंड करून उभी आहे, विंध्याची दक्षिणेला. माळव्याचं पठार उत्तरेकडे इतकं अलगद उतरतं की क्षिप्रा आणि चंबळ तिकडे वाहत गेल्या तरी आपल्याला उतार जाणवत नाही. दक्षिणेला मात्र ते एकदम तुटतं. इंदूर साधारण साडेपाचशे मीटरवर, जानापाव साडेआठशेच्या वर, आणि खाली नर्मदेच्या खोऱ्यात, म्हणजे निमाडात, महेश्वर दीडशे मीटरच्या आसपास. इंदूरकर माणूस जानापावला जातो तेव्हा तीनशे मीटर चढतो, तेही बहुतेक गाडीत बसून, आणि म्हणतो यात काय आहे! खरी उंची त्याच्या पुढ्यात खाली पसरलेली असते. आपल्याकडे डोंगर चढायचा नसतो, पठाराच्या काठाशी जायचं असतं.

आता काठाशी गेल्यावर सगळे काय करतात ते सांगतो. जाम दरवाज्याला जातात. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये महेश्वरच्या वाटेवर बांधलेला तो दरवाजा, त्याच्यापलीकडच्या कठड्याशी उभे राहतात आणि सरळ समोर, दक्षिणेला, निमाडाचा फोटो काढतात. फोटोत येतं काय, तर खाली धुरकट हिरवं, वर धुरकट पांढरं. पंधरा मैलांवरचं शेत कुठल्याही लेन्सने सुंदर दिसत नाही. तू समोर बघायचं सोडून दे. कड्याला काटकोनात न बघता कड्याच्या लांबीने बघ. त्यासाठी भिंतीतून बाहेर आलेली एखादी सोंड शोधावी लागते, तिच्यावर थोडं पुढे जाऊन डावीकडे किंवा उजवीकडे वळायचं. मग एकामागे एक सोंडा दिसतात, प्रत्येकीवर थरांच्या पायऱ्या, पायऱ्यांवर सागाची ओळ. इथे वाइड लेन्स पिशवीत राहू दे. सत्तर-दोनशे मिलिमीटरची झूम लाव आणि शंभरच्या पुढे जा. सोंडा एकमेकींच्या जवळ येतात आणि त्यांच्यामधली हवा दिसायला लागते.

उजेडाचं गणितही या दक्षिणाभिमुख भिंतीवरच बसतं. जरा कंटाळवाणं आहे, पण वाच. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पूर्वेच्या पंचवीस अंश दक्षिणेला उगवतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. म्हणजे थंडीत सकाळचं ऊन भिंतीवर तिरपं पडतं आणि थरांची एकेक पायरी सुटी होते. पश्चिमेकडे बघून काढलंस तर दगडाचा पोत मिळेल. त्याच जागेवरून, त्याच वेळी पूर्वेकडे वळलीस तर सूर्य जवळजवळ समोर येतो आणि सोंडांच्या नुसत्या आकृत्या उरतात, पुढची काळी, मागची करडी, त्यामागची जेमतेम. एका पहाटेत दोन वेगळे फोटो, पाय न हलवता. जूनमध्ये हे काहीही होत नाही. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासंच खाली आहे, त्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दिवसभर डोक्याच्या किंचित उत्तरेलाच राहतो. सकाळ-संध्याकाळ भिंतीच्या पाठीमागून ऊन येतं आणि तिचं तोंड सावलीत. तुझे जानापावचे फोटो मेअखेरचे, तेही सकाळी दहाचे. तिथे दुसरं काही व्हायला वावच नव्हता.

वेळ पाळायची तर थंडीत सोपं आहे. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, साडेचारला निघालीस तरी अंधारात पोचून ट्रायपॉड लावून होतो. पहिलं सोनेरी ऊन फार तर वीस-पंचवीस मिनिटं टिकतं. तेवढ्यात जागा शोधत फिरायचं नाही. जागा आदल्या खेपेला दुपारी फिरून ठरवलेली असली पाहिजे. तुम्ही मुलं फोनवर सूर्याची दिशा दाखवणारं अ‍ॅप वापरता, ते चांगलं आहे, वापर. पण ते पुढे आडवा आलेला डोंगर दाखवत नाही. सूर्य क्षितिजावर सातला आला तरी तुझ्या सोंडेवर साडेसातला येईल. ते पायी जाऊनच कळतं.

ऋतूंबद्दल माझं मत लोकांना पटत नाही. सगळे पावसाळ्यात धावतात. मला आवडतो तो सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर, आणि मग फेब्रुवारीअखेर ते होळी. सप्टेंबरात पाऊस हवा धुऊन काढतो, पठारावर सोयाबीन पिवळं पडायला लागतं. सागाच्या पानाकडे तेव्हा जवळ जाऊन बघ. जुलैत जे पान थाळीएवढं, खरखरीत, हिरवंगार होतं त्याची अळ्यांनी जाळी केलेली असते. मधला गर गेलेला, शिरा तेवढ्या शिल्लक. सूर्य मागे घेऊन बघितलंस तर पूर्ण नक्षी दिसते. निसर्गाचा फोटो म्हणजे कायम दहा मैलांचा नसतो. कोवळं पान मिळालं तर बोटांत चुरडून बघ, तांबडा रंग लागतो. याचा फोटोशी संबंध नाही, माहीत असावं म्हणून सांगितलं.

फेब्रुवारीत साग निष्पर्ण होतो आणि पळस, म्हणजे आपला खाकरा, पेटतो. उघड्या राखाडी उतारावर एखादाच केशरी ठिपका दिसतो. त्या वेळी कॅमेऱ्याचं मीटर फसतं. काळा बसाल्ट बघून ते सगळं उजळ करतं आणि केशरी फूल फिकट पडतं. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली घे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), हिस्टोग्रामची, म्हणजे उजेडाच्या आलेखाची, उजवी कड बघ, रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये, काढ, सावल्या मग घरी उचलता येतात. मोबाइलवर असशील तर बोट दाबून एक्स्पोजर लॉक कर आणि खाली ओढ. तेच काम.

मार्च-एप्रिलला गहू निघाला की नरवाई, म्हणजे शेतात उरलेले खुंट, जाळतात. बंदी आहे, तरी जाळतात. जंगलात मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळाही पेटवतात. त्या धुराने सूर्य तांबडा होतो आणि फोटो फार छान येतो, यात शंका नाही. काढ. पण खाली 'विंध्यातील धुकं' लिहू नकोस. धूर आहे, धूर लिही. आणि एडिटिंगमध्ये ते धूसरपणा घालवणारं बटण सरसकट फिरवू नकोस. दोन सोंडांमधलं अंतर त्या धूसरपणानेच कळतं. तो काढलास की सगळे डोंगर एकाच पडद्यावर चिकटवलेले दिसतात.

तरी पावसाळ्यात तू धबधब्यांना जाशीलच. पाताळपाणी, तिंछा, चोरल. पहिल्या पावसाचं पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं असतं. ते लांब शटरने काढलंस तर धबधब्याऐवजी नुसता चहाच सांडलेला दिसतो. ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत थांब. शटर पाव ते अर्धा सेकंद ठेव, म्हणजे पाण्याच्या धारा राहतात. पाच-दहा सेकंदांचं दूध मला स्वतःला आवडत नाही. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, घे, आकाशासाठी नाही, ओल्या खडकावरची आणि पानांवरची पांढरी चमक घालवायला. फिरवत राहिलीस की एका क्षणी हिरवा रंग गच्च होतो, तिथे थांब. उजेड दीड स्टॉपभर कमी होतो, तो पावसात परवडतो. वाइड लेन्सवर मात्र उघड्या आकाशासाठी तो लावू नकोस. आकाशाच्या मधोमध काळा डाग येतो आणि तो काढता काढता रात्र जाते.

आणि पाण्यात उतरायचं नाही. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, अट म्हणून सांगतो. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला लोक प्रवाहात उभे होते, वरून लोंढा आला आणि डोळ्यांदेखत माणसं वाहून गेली. पाऊस वर चोरल नदीच्या पाणलोटात पडतो, खाली तुझ्या डोक्यावर ऊन असतं. पाणी अचानक गढूळ झालं, काडीकचरा वाहून यायला लागला, की सामान आवरत बसू नकोस, वर ये. ट्रायपॉड राहिला तर राहू दे. कड्यावरही तेच. बसाल्टवर शेवाळ धरलं की बुटाची कसलीही पकड चालत नाही. आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकायचं नाही, कधीच नाही.

गावातल्या माणसांचं ऐकायचं. वाटेत एखादा गुराखी पोरगा "दीदी, आगे रस्ता नी है" म्हणाला तर रस्ता नाही, गुगलवर कितीही निळी रेघ असली तरी. कुणाचा फोटो काढायचा तर आधी बोल, बस, पाणी माग. महूच्या लष्करी छावणीच्या हद्दीत कॅमेरा पिशवीतच. ड्रोनचं तर नावच काढू नकोस.

तू विचारलंस, नवीन कॅमेरा बॉडी घेऊ का. नको. तुझ्या कॅमेऱ्यात एफ आठ ते अकरा आहे, आयएसओ शंभर आहे, आणखी काय हवं? पैसे उरलेच तर एक कोरडा डबा आणि सिलिका जेल घे. आपल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरायला दोन महिने पुरतात. आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या झाकण काढू नकोस, काच घामेजते. पिशवी बंद ठेवून वीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू दे.

बघायचंच असेल तर फोनवरचे सह्याद्रीचे फोटो थोडे दिवस बंद कर आणि आपल्याच गावचे चित्रकार बघ. देवळालीकर गुरुजींनी इथे चित्रशाळा चालवली. बेंद्रे त्यांच्या हाताखाली शिकले, ते इंदूरचेच, १९१० चे. डी. जे. जोशी महेश्वरचे, त्यांनी निमाड रंगवलं. कुठेही छापलेलं मिळालं तर बघ, किती गोष्टी गाळल्या आहेत ते. झाड नको तिथे नाहीच. फोटोत गाळता येत नाही, दोन पावलं डावीकडे सरकावं लागतं. लाला दीनदयाळ याच इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला होते, तिथूनच फोटोग्राफीकडे वळले. १८८२ च्या सुमारास मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो काढत हिंडले, काचेच्या प्लेटा सोबत वाहून. एक प्लेट म्हणजे एक फोटो. तू जानापावला पावणेचारशे काढलेस.

म्हणून पुढच्या थंडीसाठी तुला एवढंच काम देतो. नवं ठिकाण नाही, जानापावचीच एक सोंड. ऑक्टोबरपासून होळीपर्यंत दर महिन्याला एकदा, त्याच दगडावर ट्रायपॉड ठेवून, एकदा पूर्वेला आणि एकदा पश्चिमेला. कार्तिकी पौर्णिमेला वर जत्रा असते, त्या दिवशी सोंड सोडून माणसांचे काढलेस तरी चालेल. इतर दिवशी इकडेतिकडे काढायला मनाई नाही, पण ते मला पाठवू नकोस. सोंड कुठली ते मी सांगणार नाही. देवळामागच्या बाजूने उतरायला लाग, स्वतः शोध.

माझा ट्रायपॉड घेऊन जा. तुझा तो हलका आहे, कड्यावरच्या वाऱ्यात थरथरतो. माझ्याचा एक पाय सरकतो, त्याची कडी अर्धा आटा जास्त पिळावी लागते, आणि मधला खांब वर काढू नकोस. तुझ्या बाबांना रविवारी संध्याकाळी पाठव, मी घरीच आहे. येताना त्यांनी सराफ्यातून काही खायला आणलं तर तुझ्या काकूला सांगायचं नाही.

तुझा,
काका