ब्रेक दाबला की मीटरचे दिवे मिणमिणतात; पद्मिनीचं सगळं वायरिंग बदलू का?

नका बदलू. आधी एक चार फुटी वायर घ्या.

तुम्ही लिहिलंय की तुमची प्रीमियर पद्मिनी गाडी 1988ची आहे, नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालंय, लाइट बंद असतानाही ब्रेक दाबला की स्पीडोमीटरमधले दिवे मिणमिणतात आणि मागचा डावा ब्रेकलाइट नीट लागत नाही. वायरमन म्हणतो वायरिंग सडलंय. सडलंही असेल, पण हे लक्षण सडक्या वायरीचं नाही, अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट) तुटल्याचं आहे. आणि ‘नुकतंच पेंटिंग’ हे दोन शब्द वाचूनच मला हसू आलं, कारण माझ्या गाडीची हीच कथा.

बॅटरीचा प्लस वायरीतून बल्बपर्यंत येतो, परतीची वाट मात्र गाडीच्या पत्र्यातून. मागच्या त्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ब्रेकची 21 वॅटची आणि टेललाइटची 5 वॅटची, आणि दोघींचा अर्थ एकच, बल्बची पितळी कॉलर. कॉलरचा पत्र्याशी संबंध तुटला की ब्रेकचा करंट 5 वॅटच्या फिलामेंटमधून उलटा टेललाइटच्या लाइनीत शिरतो. त्याच लाइनीवर नंबरप्लेटचा दिवा आणि मीटरचे दिवे. तिथे त्याला अर्थ सापडतो, म्हणून मीटर मिणमिणतं. म्हणजे ब्रेकच्या स्विचपासून बल्बपर्यंतची वायर शाबूत आहे, नाहीतर करंट इथवर आलाच नसता.

माझ्या 1986च्या पद्मिनीला रंग दिल्यावर हेच सुरू झालं. गॅरेजवाल्याने अख्खं नवं हार्नेस (गाडीच्या सगळ्या वायरींचा जुडगा) टाकलं, मी पैसे मोजले, आणि पहिल्याच सिग्नलला मीटर पुन्हा मिणमिणलं. रंगातून करंट जात नाही, आणि दिवा त्याच ताज्या रंगावर बसवला होता ना! एका संध्याकाळी वैतागून स्क्रू काढले. दिवा वायरीला लोंबकळत होता आणि मुलगा ब्रेक दाबून बसला होता. लोंबकळता दिवा डिकीच्या लॉकच्या उघड्या लोखंडाला लागला, आणि लख्ख पेटला. उचलला, मंद. टेकवला, लख्ख.

तुम्ही तेच जरा शहाणपणाने करा. कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा, वायरचं एक टोक दिव्याच्या धातूच्या भागाला आणि दुसरं डिकीतल्या रंग नसलेल्या बोल्टला धरा. लख्ख पेटला तर रोग सापडला. धातूला धरून फरक नाही, पण थेट कॉलरला धरल्यावर पेटतो? मग होल्डरच गंजलाय. मल्टिमीटर असेल तर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून, ब्रेक दाबलेला असताना, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं कॉलरला लावा. 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. दोन-चार व्होल्ट दिसले तर अर्थ गेलाय.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. स्क्रूच्या भोकाभोवती रुपयाएवढा रंग पॉलिश पेपरने खरवडा, दातेरी वॉशर टाका, आवळा आणि मग वरून व्हॅसलीन चोपडा. (आधी नाही, आवळल्यावर.) मी तर होल्डरपासून डिकीतल्या बोल्टपर्यंत वेगळी काळी वायरच ओढली, टोकाला थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावून. पुन्हा रंग दिला तरी चिंता नाही. उजव्या बाजूलाही करून टाका, तोही रंग त्याच डब्यातला आहे.

बोनेटखाली इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी असते, तीही बघा. ती तुटली की स्टार्टरचा करंट चोकच्या तारेतून वाट काढतो आणि तार तापते.

वायरिंग कधी बदलायचं? वायर वाकवल्यावर वरचं आवरण पापुद्र्यासारखं तडकत असेल तर, आणि तेही तेवढ्याच भागात. बाजारात मिळणाऱ्या हार्नेसमधली तार मूळ तारेपेक्षा बारीक नाही ना, ते पारखून घ्या. आणि जुने दिवे फेकू नका. कुर्ल्याच्या कारखान्यातलं पद्मिनीचं उत्पादन 2000च्या सुमारास थांबलं, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये गेली, आता स्पेअर शोधत हिंडावं लागतं.

हे सगळं तपासून होईपर्यंत मागे एलईडी बल्ब मात्र टाकू नका. बहुतेक एलईडी उलटा करंट जाऊच देत नाहीत. मीटर मिणमिणायचं थांबेल, तुम्हाला वाटेल गाडी बरी झाली, आणि ब्रेकलाइट मागच्या ट्रकवाल्याला दिसतच नसेल.