बातमी खरी असली तरी मीडिया लोकांचं मत कसं काय फिरवतो?

खोटं बोलायची गरजच नसते हो, गोष्ट कुठनं सुरू करायची आणि नाव कुणाचं घ्यायचं एवढं ठरलं की काम झालं. आमच्या कोल्हापूरचा २०१९ चा महापूरच घ्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर, हायवे बंद, आकडे सगळ्यांकडे तेच. पण एका चॅनेलवर तो 'निसर्गाचा कोप' म्हणजे दोषी कोणच नाही, दुसऱ्यावर 'अलमट्टीचं पाणी' (कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण) म्हणजे दोषी कर्नाटक, आणि पूररेषेत भराव टाकून प्लॉट पाडायला परवानगी दिली कुणी हा प्रश्न आला तर आतल्या पानात, कोपऱ्यात. नंतर पुराचा अभ्यास करायला राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं सांगितलं की पुराला अलमट्टी जबाबदार नाही, अतिवृष्टी आणि नदीतली अतिक्रमणं बघा, तरी आजही गंगावेशीत चहाच्या गाड्यावर विचारा, "अलमट्टीच की वो!" यात सुटतं कोण ते बघा, खरी पॉवर तिथं असते.

आणि ज्याच्या हातात पेपरच नाही त्याची बाजू येणार कुठनं? १९२० ला शाहू महाराजांनी बाबासाहेबांना त्यांच्या 'मूकनायक' या पाक्षिकासाठी २,५०० रुपये दिले ते उगीच नाही, पैसे भरून त्याची साधी जाहिरात द्यायची म्हटलं तरी टिळकांचा 'केसरी' छापायला तयार नव्हता.